दाजींचा काटा

माझा आणि विज्ञानाचा संबंध दहावीच्या शेवटच्या पेपराबरोबर सुटला. पुढे मी मराठी शिकलो, आणि आज अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मराठीच शिकवतो. ज्या गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, ज्या गावात दासोपंतांनी चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला, त्या गावात मराठीच्या मास्तराला दुसरे काही आले नाही तरी निभावते, अशी माझी भाबडी समजूत होती. ती आमच्या दाजींनी मोडली.

त्याचे असे झाले. २०२४ च्या वैशाखात एका रात्री अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारूरकडच्या एका खेड्यात तिचे घर आहे. इकडचे तिकडचे काही न बोलता ती एकदम म्हणाली, "तुझ्या दाजींनी बोअरची जागा काढली."

"पाणाड्या आणला होता का?"

"पाणाड्या कशाला? घरचंच यंत्र आहे आता." ती थोडी थांबली. "अरे, तू शिकलेला माणूस. एकदा येऊन बघून जा. हा तिसरा बोअर आहे. आणि या वेळेला माझ्या पाटल्या जायच्यात."

अक्काचा आवाज कधी चढत नाही. त्या रात्रीही चढलेला नव्हता. म्हणूनच मला झोप लागली नाही.

पाटल्या आणि बोअर यांचे नाते शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. बीड जिल्ह्यातून बालाघाटची रांग गेली आहे. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा, आणि मधे हा उंचवटा. त्याच्या पोटात काळा पत्थर, थरावर थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा तो. घट्ट पत्थरात पाणी नसते. पत्थर झिजून जिथे मुरूम झाला आहे, किंवा जिथे त्याला भेगा पडल्या आहेत, तिथे ते असते. भेग लागली तर पाणी, चार हात चुकली तर नुसती धूळ. बोअरची गाडी मात्र पाण्याचे पैसे घेत नाही, फुटाचे घेते. दाजींचा पहिला बोअर तीनशे फुटांवर सोडला, दुसरा साडेचारशेवर. दोन्हींतून निघालेली करडी भुकटी अजून बांधावर पडून आहे.

आता दाजींविषयी. तरुणपणी त्यांनी रेडिओदुरुस्तीचा कोर्स केला आणि बाजारपेठेत एक टपरीवजा दुकान टाकले. त्या काळी आमच्या भागात परभणी केंद्र ऐकण्यासाठी घरोघर ट्रान्झिस्टर असे, आणि तो बिघडला की दाजींकडे येई. झाकण उघडून नुसता वास घेऊन ते सांगत, "कंडेन्सर गेला." पुढे टेपरेकॉर्डर आले, रंगीत टीव्ही आले, दाजी तेही शिकले. मग एक दिवस असा आला की माणसे वस्तू दुरुस्त करीनाशीच झाली. दुकान बंद झाले. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. दाजी चार एकरांच्या कोरडवाहूत येऊन बसले. हातात कसब असलेल्या माणसाचे हात रिकामे झाले म्हणजे त्याच्या घरातल्यांना काय सोसावे लागते, हे अक्काला विचारावे. घरातली चालू घड्याळेसुद्धा त्यांनी दोनदा उघडून पुन्हा लावली होती.

अशा माणसाच्या हाती मोबाईल आला, आणि मोबाईलवर 'अदिश लहरी' आल्या.

मी सुट्टीत गेलो तेव्हा यंत्र ओसरीवर तयारच होते. जुन्या गाण्याच्या तबकडीवर मधून बाहेर अशी तांब्याची इनॅमल केलेली तार वेटोळी करून चिकटवलेली. थेट चकली! फरक इतकाच की चकलीचे तीन-चार वेढे, हिचे दोनशेच्या वर. चकलीची दोन टोके एका लाकडी पेटीत गेलेली. पेटीत जुन्या रेडिओतला जर्मेनियम डायोड, एक आवाज वाढवणारी आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी. आणि पेटीच्या दर्शनी बाजूला टेपरेकॉर्डरमधून काढलेला काटा. खालच्या पट्टीवर शून्य ते दहा आकडे दाजींनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिले होते. डाग दिलेले सांधे पाहावेत तर मोत्यांसारखे. खोटे कशाला बोलू, यंत्र पाहून मला आधी कौतुकच वाटले.

दाजींनी पेटी गळ्यात अडकवली आणि आम्ही शेतात निघालो. काटा एक-दोनच्या आसपास थरथरत होता. विहिरीकडून गोठ्याकडे वळलो तसा तो चार झाला, पाच झाला, आणि गोठ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्याशी येताच एकदम नवावर उडाला. चार पावले मागे सरकलो की खाली, पुढे आलो की वर.

"इथं," दाजी हळूच म्हणाले, जणू खालच्या पाण्याने ऐकले तर ते पळून जाईल. "आणि सर, म्हैससुद्धा या कोपऱ्यात उभी राहत नाही. पावसाळ्यात दावं तोडून पळाली होती. जनावराला कळतं."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. घरात नेऊन त्यांनी चकली ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवली, झाकण लावले. काटा किंचित उतरला, पण हलतच राहिला. "साधी रेडिओची लहर असती तर डब्यात शिरली नसती. ही शिरते. ही अदिश लहर. टेस्लासाहेबांनी शोधली, मोठ्या कंपन्यांनी दाबून टाकली. जमिनीत पाणी चालतं तिथं ती उठते." आणि माझ्यापुढे दोनशे पानी वही ठेवून म्हणाले, "यात तीन महिन्यांच्या नोंदी आहेत. याचं छोटं पुस्तक काढायचंय. भाषा तेवढी तुम्ही बघून द्या."

म्हणजे मी परीक्षक म्हणून गेलो आणि मुद्रितशोधक होऊन परत आलो.

'अदिश' हा शब्द मोठा छान आहे. ज्याला दिशा आहे ते सदिश, जिला नाही ती राशी अदिश. वेग सदिश, तापमान अदिश. शाळेच्या पुस्तकांतून हे शब्द आता रुळलेही आहेत. पण 'अदिश लहरी' म्हणजे काय, हे मला कळेना. तेव्हा कॉलेज उघडल्यावर आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना चहाच्या वेळी गाठले. ते आधी हसले, मग मीटर, चकली, डबा हे सगळे ऐकताना गंभीर झाले.

त्यांनी सांगितले ते मला समजले तसे सांगतो. अदिश लहर ही चीज जगात आहेच. आपण बोलतो तो आवाज तीच. हवेचा दाब कमी-जास्त होतो, आणि दाबाला दिशा नसते. विजेच्या लहरींचे तसे नाही. मॅक्सवेलने त्या १८६५ मध्ये कागदावर मांडल्या, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत दाखवल्या, आणि त्या पुढे जाताना आडव्या डोलतात, दोरीच्या लाटेसारख्या. टेस्ला हा अचाट बुद्धीचा माणूस. आपल्या लहरी हर्ट्झच्या लहरींहून निराळ्या आहेत असे तो म्हणत असे. चकलीसारख्या वेटोळ्याचे पेटंट त्याने १८९४ मध्ये घेतले होते हेही खरे. त्याचा बिनतारी मनोरा पैशाअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. अपुऱ्या राहिलेल्या कामाभोवती दंतकथा वाढतात. अलीकडे जर्मनीतले कॉन्स्टान्टिन मायल नावाचे एक प्राध्यापक अशा दोन चकल्यांचा संच विकू लागले. एका चकलीला वीज दिली की काही अंतरावरच्या दुसरीवरचा दिवा पेटतो, आणि ही अदिश लहर आहे, ती प्रकाशाहून वेगाने जाते, असा त्यांचा दावा. दिवा पेटतो यात शंका नाही. पण जवळजवळ ठेवलेल्या दोन वेटोळ्यांत वीज अशी ओलांडून जाते हे फार जुने ज्ञान आहे, त्यासाठी नवी लहर लागत नाही.

"आणि डबा?" मी विचारले.

"आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा डोलते. इतक्या संथ डोलणाऱ्या चुंबकी क्षेत्राला पातळ ॲल्युमिनियम म्हणजे मच्छरदाणी समजा. ते मुरायला ठोकळमानाने बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो, आणि तरी सदतीस टक्के उरतेच. रेडिओची लहर डब्यात अडकते, विजेची गुणगुण अडकत नाही."

"म्हणजे दाजींचा काटा—"

"मी यंत्र पाहिलेलं नाही. वही आहे ना? वही वाचा."

वही मी भाषेसाठी वाचायला घेतली होती. तारीख, वेळ, जागा, काट्याचा आकडा. दाजींचे अक्षर ओळीत बसवलेले. पहिली वीस पाने मी काना-मात्रा पाहत गेलो. नंतर माझ्यातल्या छंदशास्त्राच्या मास्तराला उगीचच त्या आकड्यांत एक ठेका जाणवू लागला. काही दिवस रात्री आकडे मोठे, दिवसा शून्याजवळ. मग अचानक उलटे: दिवसा मोठे, रात्री नाहीत. मग पुन्हा रात्री. दाजींनी हे हेरले होते. समासात 'चंद्राचा परिणाम?' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी पंचांग काढून ताडून पाहिले. चंद्राशी जमेना. महिन्यात चंद्र एकदाच भरतो, हे आठवडाभराने पालटत होते.

पुढच्या रविवारी वही घेऊन मी अक्काकडे गेलो. दाजी ओसरीवर, मी खाटेवर, अक्का उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. मी मोठ्याने वाचत होतो: सोमवार, रात्री दहा, सात, मंगळवार, रात्री दहा, सात, पुढचा सोमवार, रात्री दहा, शून्य, सकाळी नऊ, सात.

"पुन्हा वाच," अक्का म्हणाली.

मी वाचले. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अरे, ही तर मोटारीची लाईट."

शेतीच्या पंपांना तीन फेजची वीज सारा दिवस मिळत नाही. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी तिची आलटून पालटून वेळ ठरलेली. दाजींचे गुडघे दुखतात. त्यामुळे रात्रीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन विहिरीवर मोटार सुरू करायला अक्का जाते. कोणत्या आठवड्यात झोपमोड आहे हे तिला पंचांगावाचून पाठ असते. आम्ही दोघे, एक रेडिओचा कारागीर आणि एक एम. ए. झालेला मास्तर, चंद्राकडे बघत बसलो होतो.

दाजी काही बोलले नाहीत. उठले, चपला पायात सरकवल्या आणि शेताकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. अक्काने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "बोललं ते चुकलं का रे?" मला उत्तर सुचले नाही. अंबाजोगाईच्या बसमध्ये बसताना वाटत होते, पाटल्या वाचल्या असतील कदाचित, पण आपण त्या घरातले काही तरी मोडून आलो.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सर, लाईट असताना काटा हलतो हे मान्य. पण लाईटीच्या जोरावर खालची लहर उठत असेल तर? तुमच्या त्या सरांना विचारा, परीक्षा कशी घ्यायची."

हा प्रश्न ऐकून आमचे भौतिकशास्त्राचे सर खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "मोठा माणूस आहे. नव्वद टक्के लोक इथं भांडतात." आणि त्यांनी जर्मनीतल्याच कासेल गावची हकीकत सांगितली. १९९० मध्ये तिथे तीस पाणाड्यांची परीक्षा घेतली गेली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर एक पाइप पुरला होता. त्यातून पाणी सोडायचे की बंद ठेवायचे हे नशिबावर सोडलेले. वर उभ्या पाणाड्याने सांगायचे, वाहते आहे की नाही. परीक्षा रास्त आहे हे सगळ्यांनी आधी कबूल केले होते. निकाल छापा-काट्याइतकाच लागला. "मुद्दा एवढाच," सर म्हणाले, "उत्तर ज्याला माहीत आहे त्याच्या हातात काटा नको, आणि ज्याच्या हातात काटा आहे त्याला उत्तर माहीत नको."

दाजींच्या शेतात टाकीपासून खालच्या पट्टीपर्यंत पुरलेली पाइपलाइन आहे. टाकी उंचावर, त्यामुळे पाणी आपसूक उतरते, मोटार लागत नाही. टाकीजवळ कॉक आहे. तो कासेलचा पाइपच समजा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ही परीक्षा घेतली. आभाळ भरून येत होते, पडत नव्हते. टाकीच्या भिंतीआड अक्का, हातात रुपयाचे नाणे. छापा पडला की कॉक उघडायचा, काटा पडला की बंद करायचा. कागदावर लिहायचे आणि भिंतीवरून ओढणी हलवायची. खाली पाइपवर दाजी, शेजारी वही घेऊन मी. पाणी पाइपच्या ज्या टोकाशी पडते तिथे पोत्यांचा ढीग टाकून आवाज बंद केला होता. ही सूचना खुद्द दाजींची. त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती, म्हणजे काटाही जागा होता.

आधी तालीम म्हणून दहा वेळा अक्काने ओरडून सांगितले, उघडा की बंद. दाजींचा काटा दहाच्या दहा वेळा बरोबर. आकडा कितीही असो, 'वाहतंय' म्हटले की त्यांना तो चढलेला दिसे. मी शेजारून पाहत होतो, मलाही दिसला. हे मुद्दाम सांगतो, कारण यात फसवणूक कुठेच नव्हती. थरथरणाऱ्या काट्याची टोके दोन असतात, वरचे आणि खालचे. मनात जे असेल ते टोक डोळा उचलतो.

मग ओरडणे बंद. वीस वेळा ओढणी हलली, वीस वेळा दाजींनी सांगितले, मी लिहिले. पंधराव्या वेळेपासून त्यांचा आवाज उतरू लागला. अक्काचा कागद आणि माझा कागद ओसरीवर शेजारी ठेवले. वीसपैकी अकरा बरोबर.

"दहा आले असते तर बरं झालं असतं," दाजी म्हणाले, "अकरा म्हणजे उगीच आशा वाटते." आणि स्वतःच हसले. दुपारी लाईट गेली. काटा शून्यावर जाऊन झोपला. कॉक उघडा काय, बंद काय, तो उठला नाही.

माझ्या मते प्रकरण इथे मिटले होते. बोअरच्या गाडीवाल्याला नको सांगायचे, पाटल्या कपाटात, आणि यंत्र माळ्यावर. मी बॅग आवरत होतो. दाजी खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सर, मग गोठ्याच्या कोपऱ्यातच काटा इतका का उडतो? तिथं तर तारही नाही."

मी गप्प. मला काय कळणार?

"वरून नाही," ते सावकाश म्हणाले. आणि एकदम ताठ झाले.

खांबावरून विहिरीवरच्या स्टार्टरला जाणारी केबल त्यांनीच काही वर्षांपूर्वी जमिनीतून नेली होती. ती गोठ्याला वळसा घालून गेली असे त्यांच्या डोक्यात होते. खांबावरचा स्विच पाडून, त्यावर कुलूप लावून ते कुदळ घेऊन कोपऱ्यात गेले. हातभर खणले तर केबल. गोठ्याची जागा नंतर वाढवली होती, हे सगळेच विसरले होते. म्हशीसाठी ठोकलेल्या लोखंडी खुंट्याचे टोक केबलच्या कातडीवरून घसरत गेलेले. रबर फाटून आत हिरवट पडलेले तांबे दिसत होते. लाईट आली की तिथून वीज ओल्या मातीत झिरपत होती. माती कोरडी तोवर थोडी, भिजली की पुष्कळ. मागच्या पावसाळ्यात म्हैस दावे तोडून पळाली ती याचसाठी. आणि त्या कोपऱ्यात दाजी तिसरा बोअर पाडणार होते!

अक्का खड्ड्याच्या काठावर उभी होती. रात्रीच्या आठवड्यात मोटारीला जाताना ती याच कोपऱ्यावरून जाते, पुष्कळदा अनवाणी. तिने एकदा केबलकडे पाहिले, एकदा दाजींकडे, आणि आत जाऊन चहा ठेवला. संध्याकाळी पाऊस आला.

रात्री जेवणे झाल्यावर दाजी म्हणाले, "तीन महिने मी खुळ्यासारखा त्या तबकडीमागं फिरलो." तेव्हा सरांकडून ऐकलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. ती इथेही सांगतो.

अमेरिकेत जोसेफ वेबर नावाचे एक शास्त्रज्ञ होते. आइन्स्टाइनने १९१६ मध्ये सांगितलेल्या गुरुत्वलहरी पकडायच्या, असे त्यांनी मनावर घेतले. दूर अवकाशात महाकाय तारे एकमेकांवर आदळले की साऱ्या अवकाशालाच एक थरथर सुटते, ती ही लहर. वेबर यांनी ॲल्युमिनियमची प्रचंड नळकांडी टांगली, त्यांना स्फटिक चिकटवले, आणि हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी काटे एकदम हलतात का, ते पाहत बसले. १९६९ मध्ये त्यांनी जाहीर केले, लहरी सापडल्या. जगभर लोकांनी नळकांडी टांगली. कोणाला काही सापडेना. वेबर यांनी आपल्या नोंदी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि दोन्हींत एकाच वेळी उसळ्या असल्याचे सांगितले. मग कोणाच्या तरी लक्षात आले की एकाचे घड्याळ स्थानिक वेळेवर होते आणि दुसऱ्याचे ग्रीनिचच्या. मधे चार तासांचा फरक. जे 'एकाच वेळी' सापडले होते ते एका वेळचे नव्हतेच.

दाजी वहीकडे पाहत म्हणाले, "त्यांच्याकडं अक्का नव्हती."

वेबर २००० साली वारले, शेवटपर्यंत आपल्या नळकांड्यांवर विश्वास ठेवून. त्यांना कोणी लबाड म्हटले नाही. ज्यांनी पुढे खरोखर त्या लहरी पकडल्या, तेही म्हणतात की ही वाट प्रथम वेबर यांनी तुडवली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' या वेधशाळांनी पहिली लहर टिपली. सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. ती लहर इथे पोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून थोडा अधिक. दाजींनी हा आकडा दोनदा विचारून घेतला.

"मग रस्त्यानं ट्रक गेला म्हणून काटा हलला नाही, हे त्यांना कसं कळलं?"

मी मनातल्या मनात सरांचे आभार मानले, कारण याचे उत्तर माझ्याजवळ होते. एक तर वेधशाळा दोन, तीन हजार किलोमीटर दूर. एकच ट्रक दोन्हींकडे जात नाही. आणि दुसरे असे की ते स्वतःच स्वतःला फसवून पाहतात. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रांत एक झकास लहर आली. दिशा काढली तर बृहल्लुब्धक नक्षत्राच्या बाजूची. तिचे टोपणनावच 'मोठा कुत्रा' पडले. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने खपून हिशेब केले, शोधनिबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळे जमले आणि एक लिफाफा उघडला. आत चिठ्ठी होती: ही लहर खोटी, आपल्यातल्याच काही जणांनी ठरवून, गुपचूप घातलेली. असे होऊ शकते हे सगळ्यांना आधीच माहीत होते. केव्हा, एवढेच माहीत नव्हते. कोणी चिडले नाही. खोटी लहर आपल्याला नीट सापडली, याचा त्यांना आनंद झाला.

"म्हणजे त्यांनी छापा-काटा केला," अक्का म्हणाली.

तशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ उभी करण्याचे ठरले आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे सव्वीसशे कोटी रुपयांची मंजुरी दिली. परळीचा वैजनाथ जसा ज्योतिर्लिंग तसाच औंढ्याचा नागनाथ. अक्का श्रावणात दोन्हीकडे जाऊन आलेली आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, काटकोनात, असे सांगताच ती म्हणाली, "तिकडं जमीन सपाट आहे खरी."

बोअर काही झाला नाही. भूजल खात्याच्या माणसांना दाखवून मगच पुढचे बघू, असे दाजींनी आपण होऊन ठरवले. पुस्तकाचा बेत गेला. यंत्र मात्र माळ्यावर गेले नाही. पट्टीवरचे 'लहर' हे अक्षर खोडून दाजींनी 'गळती' असे लिहिले आणि पहिल्या पावसानंतर गावातल्या चार-पाच विहिरींवरून ते फिरवून आणले. एका ठिकाणी स्टार्टरचा पत्र्याचा डबा सापडला, काट्याला एकदम नवावर नेणारा. त्या घरातली लहान मुले त्याच डब्याला हात लावून खेळत असत.

दसरा झाला, गावातली निम्मी घरे ऊसतोडीला निघून गेली, गल्ल्या ओस पडल्या. काल पुन्हा दाजींचा फोन आला. यंत्रात काही सुधारणा केली आहे म्हणतात; आता गळती किती खोल आहे तेही कळावे असा बेत आहे. भाऊबिजेला आम्ही जाणार, तेव्हा परीक्षा. अक्का कुठे, किती खोल तार पुरणार ते दाजींना सांगणार नाही, मलाही सांगणार नाही.

फोन ठेवताना म्हणाले, "आणि सर, येताना डझनभर लिफाफे घेऊन या. चांगले जाड आणा. उजेडात धरलं तर आतलं दिसायला नको."